विरोधात दहा हजार एक

मुख्यालयाच्या मतदानाच्या पानावर सगळ्यात आधी संचालकांचा फोटो उतरायचा. उतरायचा म्हणजे खरोखरच उतरायचा, वरून खाली, पट्टीपट्टीनं. कपाळ येईपर्यंत समोरचा चहा निवायचा. भुवया आल्या की आशा वाटायची. नाकाशी मात्र दर वेळी गाडं अडायचं, आणि मतदाराला अर्ध्या संचालकांकडे बघत बसावं लागायचं. तोंड न उमटल्यामुळे ते बरेच विचारी दिसत, एवढाच काय तो फायदा.

बाई रोज सकाळी एकदा हे पान उघडून बघत. बाई म्हणजे हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या पाच केंद्रांच्या प्रमुख. सगळ्यात उंच खिंडीतलं केंद्र, मग पठारावरचं, मग तलावाकाठचं, मग शहरातलं त्यांचं स्वतःचं, आणि अगदी समुद्रसपाटीला बंदरावरचं. प्रत्येक ठिकाणी एकच माणूस. पाचांमध्ये मिळून इंटरनेटची वाट एकच, आणि तिच्यावर पहिला मान वाऱ्याचा, पावसाचा आणि हवेच्या दाबाचा. माणसांनी उरलंसुरलं गोड मानून घ्यायचं, असा दंडक होता.

मतदान होतं बाईंवरच. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांच्या जागी यायला कोणी तयार नव्हतं. मुख्यालयाच्या भाषेत याला ‘आपल्या अनुभवाची नितांत गरज’ म्हणतात. दोन वर्षांची मुदतवाढ देऊ केली होती, पण नवा नियम असा निघाला होता की आधी हाताखालच्या माणसांचं गुप्त मत घ्यायचं. प्रमुखालाही एक मत. बहुमत विरोधात गेलं तर मुदतवाढ नाही.

बाईंना नोकरीची हाव नव्हती. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आपल्या घरातली मागची खोली त्यांच्यासाठी रंगवूनसुद्धा ठेवली होती, आणि फोनवर ती रंगाचं नाव सांगून सांगून त्यांना भरीला घालत होती. बाईंना हवं होतं ते वेगळंच. आपली माणसं आपल्याला खरंच ठेवू पाहतात की तोंडदेखलं बोलतात, एवढं एकदा कळायला हवं होतं. आधीच्या प्रमुखांच्या मुदतवाढीला सगळ्यांनी हात वर केले होते. एकमतानं. ते हात खाली येताना जवळजवळ प्रत्येकानं कपाळावरचा घाम पुसला होता, आणि पुढची दोन वर्षं सगळं खातं भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होतं. आता बाईंना जो तो सांगत होता, “बाई, तुम्हीच हव्यात.” पूर्वीच्या साहेबांनाही शब्द न् शब्द हेच सांगितलं गेलं होतं.

तर गुप्त मतदान. संचालकांच्या नाकाखाली, म्हणजे पानाच्या खालच्या भागात, ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं होती असं म्हणत. तलावावरच्या निरीक्षकेनं ती पाहिली होती. ती सगळ्यांत नवी, तिला अजून सगळे ‘नवी’च म्हणत. तिनं चिकाटीनं बटणापर्यंत मजल मारली, बोट ठेवलं, आणि पानानं सांगितलं की तुमची वेळ संपली, पुन्हा पहिल्यापासून या. ती पुन्हा पहिल्यापासून गेली. असं तिनं इतक्यांदा केलं की मदतकक्षातल्या माणसानं तिची विचारपूस सुरू केली.

खिंडीतल्या निरीक्षकाची तक्रार अधिक तात्त्विक होती. त्याला सगळे हरकतराव म्हणत, कारण सकाळ झाली याच्यावरही तो पुरावा मागेल असा त्याचा लौकिक होता. त्याच्या पडद्यावर ‘हो’चं बटण उमटलं होतं, ‘नाही’चं अजून वाटेत होतं. अशी निवडणूक आपल्याला मान्य नाही, असं त्यानं कळवलं. लेखी हरकत घ्यायला तो बसला, तर हरकत नोंदवायचं पानही उघडेना. आणि ज्याला पान पूर्ण उघडलं असतं त्याला वरच्या कोपऱ्यात वाचायला मिळालं असतं: ‘नमस्कार, निरीक्षक क्रमांक चार, पठार केंद्र. आपले मत गुप्त राहील.’

हे वाचायचं भाग्य फक्त पठारावरच्या ताईंना लाभलं, आणि त्यांनी संगणक बंद करून वर कापड टाकलं.

बाईंनी मुख्यालयाला कळवलं. उत्तर आलं की तांत्रिक अडचणींची जाणीव आहे, सबब मतदान आपल्या स्तरावर सोयीच्या पद्धतीनं घ्यावं, गुप्तता आपल्या स्तरावर राखावी. याचा अर्थ तुमचं तुम्ही बघा.

मग फोनवर सूचनांचा पाऊस पडला, आणि पाऊस मोजणं हेच यांचं काम असल्यामुळे प्रत्येक सूचना नीट मोजली गेली. बंदरावरचे काका सगळ्यांत जुने; ते म्हणाले की बंद पाकिटं करून सामानाच्या जीपमधून पाठवू. पण जीपचा ड्रायव्हर रस्त्यावरच्या पाट्या सोडून बाकी सगळं वाचतो हे जगजाहीर होतं. ताईंनी मिस्ड कॉल सुचवला: हवं असेल तर एकदा वाजवायचा, नको असेल तर दोनदा. हरकतरावानं विचारलं की नंबर दिसणार, त्याचं काय करू या, फोनला डोळे मिटायला सांगू या का? काकांचं शेवटचं म्हणणं पडलं की जाऊ दे, बाई, आमची सगळ्यांची मतं मीच गोळा करतो आणि मनात ठेवतो. यावर सगळ्या केंद्रांवरून एकदम खोकल्याचा आवाज आला. काकांच्या मनात राहिलेली एकही गोष्ट आजवर कोणाच्या ऐकिवात नव्हती, कारण ती आधीच सगळ्यांच्या कानात पोचलेली असायची.

एके दिवशी दुपारच्या नोंदी गेल्यावर इंटरनेटची वाट जरा मोकळी झाली, आणि बाईंनी दूरच्या गुप्त मतदानाबद्दल शोधाशोध केली. एक लेख सापडला. शीर्षक आलं, पहिला परिच्छेद आला. त्यात लिहिलं होतं की समजा काही माणसं एकमेकांपासून लांब आहेत, त्यांना गुप्त मत द्यायचं आहे आणि मोजणाऱ्यावरही भरवसा ठेवायचा नाही. तर हे निव्वळ बेरजेनं साधता येतं. प्रत्येक जोडीनं आपसात एक गुप्त आकडा ठरवावा. मग

‘मग’च्या पुढे पांढरं होतं. बाई थांबल्या. गोल चक्र फिरत राहिलं. त्यांनी खुर्चीचा कुरकुरणारा स्क्रू आवळला, नोंदींवर सह्या केल्या, खिडकी पुसली. ‘मग’ तिथंच होता. शेवटी न राहवून त्यांनी पान पुन्हा उघडलं, आणि होतं नव्हतं तेही गेलं.

तेव्हा बाईंनी कागद ओढला. कॉलेजात गणित घेतल्याचा पश्चात्ताप त्यांना आजवर अनेक प्रसंगी झाला होता, पण डोकं अजून चालत होतं. दोघांनी एक आकडा ठरवला. ठीक. तो दोघांनाच माहीत. मग काय? मग एकानं तो आपल्या मतात मिळवायचा आणि दुसऱ्यानं आपल्या मतातून वजा करायचा. दोघांनी आपापलं उत्तर चव्हाट्यावर सांगितलं तरी कोणाला काय कळणार? भलामोठा अर्थहीन आकडा. पण दोन्ही उत्तरांची बेरीज केली की मिळवलेलं आणि वजा केलेलं एकमेकांना खाऊन टाकतं, आणि उरतात ती फक्त मतं.

दोघांतच बेरीज शून्य किंवा दोन आली तर बिंग फुटतं. पण पाच जणांच्या दहा जोड्या. प्रत्येक माणसाच्या मतावर चार आकड्यांची चार पांघरुणं. एखादं पांघरूण कोणाला माहीत असेल, चारही कोणालाच नाहीत. मोजणाऱ्याला नाहीत, मुख्यालयाला नाहीत, खुद्द बाईंना नाहीत. आणि शेवटी सगळी पांघरुणं आपोआप एका फटक्यात उडतात आणि खाली फक्त एकूण मतं उरतात, कोणाची ते न सांगता.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. आयुष्यभर त्यांनी बेरजा केल्या होत्या: पावसाच्या, तापमानाच्या, प्रवासभत्त्याच्या. बेरीज ही घरातल्या केरसुणीसारखी गोष्ट, तिच्याकडे कोण टक लावून बघतं? आणि तिच्या पोटात हे होतं. ना कुलूप, ना पेटी, ना पहारेकरी. सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं आणि तरीही काही बोलायचं नाही. त्यांनी खोट्या मतांवर दोनदा करून बघितलं आणि दोन्ही वेळा उत्तर बरोबर आलं, तरी त्यांना ते हाताला चटका बसावा तसं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना फोनवर घेतलं. इंटरनेट कसंही असो, जुना फोन पाचही केंद्रांना एकत्र जोडत असे, आणि आकडे वाचून दाखवणं हा तर यांचा रोजचा धंदा. कोणी मिळवायचं आणि कोणी वजा करायचं याचा गोंधळ नको म्हणून बाईंनी सोपा नियम केला. जोडीत जो उंचावर तो आकडा ठरवेल, खालच्याला फोन करून सांगेल, आणि मिळवेल. जो खाली तो वजा करेल. म्हणजे खिंडीनं चारही मिळवायचे, बंदरानं चारही वजा करायचे. मुदतवाढ नको असेल तर मत एक, हवी असेल तर शून्य.

काकांनी विचारलं की म्हणजे मी सगळ्यांत खालचा म्हणून सगळा तोटा माझ्याच गळ्यात का? ताईंना ते दोनदा समजावून सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा त्यांनीच काकांना समजावून सांगितलं. हरकतरावानं कबूल केलं की आपण हे फोडायचा सकाळपासून प्रयत्न करतोय आणि फुटत नाही. त्याच्या आवाजात जरा भीतीच होती, देवळात चप्पल घालून गेल्यासारखी.

आकडे ठरले. बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि आपली चार पांघरुणं समोर मांडली. आता स्वतःचं मत.

त्यावर त्यांनी आधीच विचार केला होता. या पाचांपैकी एखाद्याला बाई नको असतील, तर निकालात एकच मत विरोधात निघेल. आणि मग? आकड्यानं नाव लपवलं तरी माणसं शोधत बसतील. एकट्या मताची शिकार होते. बाईंनी हे पाहिलं होतं. म्हणून त्या एकट्या माणसाला सोबत हवी. बाईंनी स्वतःविरुद्ध एक मत दिलं. विरोधात दोन-तीन निघतील अशी त्यांची अटकळ होती. तिसरं निघालंच तर मागच्या खोलीचा रंग त्यांना पाठ होता.

दुपारच्या नोंदी पाठवून झाल्यावर पाचही जण फोनवर आले. आकडे मोठ्यानं वाचायचे, प्रत्येकानं आपल्या कागदावर बेरीज करायची. खिंडीतून आलं १,६१,१९२. पठारावरून ८२,९४६. तलावावरून बारीक आवाजात ८०,५५३. बाईंनी आपला वाचला, उणे १,६२,६९१. बंदरावरून काकांनी घसा साफ करून उणे १,५१,९९९ सांगितले, आणि कोणीतरी वारल्याची बातमी द्यावी तसे थांबले.

पाच कागदांवर पाच पेन्सिली चालल्याचा आवाज फोनवर येत होता. मग तो थांबला.

“दहा हजार एक,” हरकतराव म्हणाला.

ताईंनी सावकाश विचारलं की माझंही तेवढंच येतंय, पण आपण पाचच जण आहोत ना? बाईंनी पुन्हा बेरीज केली. दहा हजार एक. पाच मतदार, आणि त्यांच्या विरोधात दहा हजार एक मतं. आपण लोकप्रिय नाही अशी शंका त्यांना होती, पण एवढी तयारी नव्हती.

“थांबा, थांबा.” काकांचा आवाज. मग कागदाची खसखस. “बाई, एक मी खाल्ला.”

आणि मग सगळ्यांना एकदम उमगलं. बंदर समुद्रसपाटीला. तिथला हवेचा दाब हजाराच्या वर असतो, म्हणून सांगताना पहिला एक कोणी बोलत नाही. तो असतोच, उगाच तोंड कशाला दमवा? काकांनी उभा जन्म तो पहिला एक गिळला होता. कोणीतरी फोनवर त्यांना एकानं सुरू होणारा पाच अंकी आकडा सांगितला, आणि काकांच्या हातानं, डोक्याला न विचारता, चारच अंक लिहिले. वजा करायचे दहा हजार कमी पडले.

सगळी हसू लागली, नवीसुद्धा. काका म्हणाले की हसा, हसा, हाच एक लिहीत बसलो असतो तर पेन्शनीआधी मनगट गेलं असतं. हरकतरावानं विचारलं की चूक दुरुस्त केल्यानं गुपित फुटतं का, आणि स्वतःच उत्तर दिलं की नाही फुटत, काकांवर अजून तीन पांघरुणं आहेत.

मग हसणं हळूहळू ओसरलं. कारण दहा हजार काढून टाकले की खाली काय उरतं ते आता प्रत्येकाच्या कागदावर होतं.

एक.

बाई त्या एकाकडे बघत राहिल्या. पाच अर्थहीन आकडे, डोंगरावरून आणि किनाऱ्यावरून आलेले, एकमेकांना पुसत पुसत इथवर आले होते आणि त्यांनी हा एवढासा अंक ठेवला होता. तो त्यांचा स्वतःचा होता. म्हणजे बाकीची चारही शून्यं होती. ‘बाई, तुम्हीच हव्यात’ असं म्हणणारी सगळी माणसं, जिथे कोणीही बघत नव्हतं, जिथे खरं बोललं तर कोणालाही कधीही कळणार नव्हतं, तिथेही तेच म्हणाली होती. आणि हे सगळ्या जगात एकट्या बाईंना कळत होतं. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

“एक आहे म्हणजे कोणीतरी आहेच की,” ताई म्हणाल्या.

काका म्हणाले की जाऊ द्या, चार विरुद्ध एक, बाई राहिल्या, विषय संपला. पण ताईंचा विषय संपला नव्हता. आम्ही जुनी माणसं, त्या म्हणाल्या, आमच्या अडीनडीला बाई कशा उभ्या राहिल्या ते आम्हाला माहीत. ज्यांना त्यातलं काही माहीतच नाही त्यांचं एक वेळ समजू शकतं. आजकालच्या मुलींना वरचं माणूस बदललं की बरं वाटतं. त्यांनी नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजही नव्हती, मुलगी एकच होती.

“ताई, माझं नाही ते,” नवी म्हणाली.

“मी कुठं तुझं म्हटलं?”

“मी खरंच शून्य दिलंय. बाई, तुम्ही माझा आकडा उघडून बघा. मी माझे चारही सांगते सगळ्यांना.” तिचा आवाज शेवटी फाटला, आणि पुढे नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

ज्या माणसाला सोबत द्यायला बाईंनी ते मत दिलं होतं तो माणूसच नव्हता, आणि त्यांच्या दयेची कुऱ्हाड नेमकी या पोरीच्या पायावर पडली होती. त्यांनी तोंड उघडलं. ते मत माझं आहे, एवढं एक वाक्य.

“माझं आहे ते,” हरकतराव म्हणाला.

ताई काही म्हणायच्या आत तो पुढे बोलत राहिला.

“मी दिलंय एक. मला बाईंची घड्याळ लावून नोंदी मागायची पद्धत पटत नाही, आधीपासून पटत नाही, तोंडावरही सांगितलंय. पोरीच्या मागे कशाला लागता?”

ताई म्हणाल्या की तरीच, मला वाटलंच होतं. काकांनी त्याला दोन शब्द सुनावले, माणसानं केलेल्याची जाण ठेवावी वगैरे. हरकतराव ऐकून घेत राहिला. ज्यानं आजवर एकही वाक्य बिनविरोध पुढे जाऊ दिलं नव्हतं, त्यानं सगळं ऐकून घेतलं. नवीनं नाक ओढलं आणि हळूच विचारलं की मी आता नोंदी लिहायला जाऊ का? बाईंनी मतदान संपल्याचं सांगितलं, आणि यापुढे कोणी कोणाला काही विचारायचं नाही असंही सांगितलं. त्यांना स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

बाकीचे फोन बंद झाल्यावर त्यांनी खिंडीला एकट्याला लावला.

“ते मत तुमचं नाही,” त्या म्हणाल्या.

“गुप्त आहे ना, बाई? मग तुम्हाला काय माहीत?”

“मला माहीत आहे.”

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. पलीकडे माणूस मनात बेरीज करत होता, आणि त्यांना ती जवळजवळ ऐकू येत होती: मी खोटं बोललो हे खात्रीनं कोणाला कळेल? चार पांघरुणांखालचं माझं शून्य कोणाला दिसेल? बाकी तिघांना नाही. ज्याच्याकडे तो एक आहे, फक्त त्यालाच.



“अच्छा,” हरकतराव म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. “म्हणजे आम्ही सगळे.”

“सगळे,” बाई म्हणाल्या.

“कोणाला सांगू नका. पोरीला पुन्हा त्रास नको. माझ्याबद्दल त्यांना फारसं काही नवीन वाटलेलं नाही.”

“तुम्ही का केलंत?”

“रडत होती ना ती.” त्याला याहून अधिक कारण लागत असेल असं दिसलं नाही. मग त्यानं विचारलं, “राहताय ना पण?”

“राहते.”

“बरं. इथे धुकं चढतंय, थोड्या वेळानं समोरचा खांबही दिसायचा नाही. मी नोंद घेऊन येतो. फोन ठेवू नका, आकडे लगेच देतो.”

त्यानं फोन टेबलावर ठेवला. बाईंना खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग दार उघडल्याचं, आणि मग खिंडीतला वारा सरळ त्यांच्या कानात आला. पावलं त्या वाऱ्यात लांब गेली. बाईंनी कागद पुढे ओढला, पेन्सिल उचलली आणि फोन कानाला तसाच दाबून धरला.